दोन गोविंदरावांचे दोन मुलगे

आमच्या महाराष्ट्रात बुद्धिवान पुढाऱ्यांचा दुष्काळ कधी पडला नाही. विद्वत्ता, वक्तृत्व, लेखणी, सरकारदरबारी वजन, सारे काही ज्यांच्यापाशी होते असे पुरुष गेल्या दीडशे वर्षांत येथे डझनांनी निपजले. तरीही बहुजनसमाजाच्या मानेवरील भटशाहीचे जोखड का उतरले नाही? लोक अडाणी आहेत म्हणून, हे ठरावीक उत्तर आम्हांस मान्य नाही. लोक पुढाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, त्याच्या पायांकडे पाहतात. तो सभेत काय बोलला हे चार दिवसांत विसरले जाते. पण घरी लग्न निघाले, बाप वारला, जातीने डोळे वटारले, त्या वेळी हा गृहस्थ कोणत्या वाटेने गेला, हे तीन पिढ्या ध्यानात राहते आणि मागची माणसे निमूटपणे त्याच वाटेने जातात.

हे सांगणे हवेतले वाटू नये म्हणून एकाच शहरात वावरलेल्या दोन पुरुषांची हकीकत वाचकांपुढे मांडतो. दोघांच्याही वडिलांचे नाव गोविंदराव. एक जोतीराव गोविंदराव फुले, दुसरे महादेव गोविंद रानडे. एक फुलमाळ्याचा मुलगा, दुसरा चित्पावन ब्राह्मणाचा. दोघांनाही आपापल्या गोविंदरावांनी एकदा पेचात धरले. त्या पेचातून कोण कसा बाहेर पडला, त्यातच आमच्या समाजाचे पुढचे भवितव्य ठरले, असे आम्ही म्हणतो.

प्रथम रानड्यांविषयी जे चांगले ते मोकळ्या मनाने सांगू. द्वेषाने लिहिण्याचा आमचा रिवाज नाही. १८४२ साली निफाडास जन्मलेला हा पुरुष केवढ्या तोलाचा होता हे त्यांचे शत्रूही जाणत. मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, जेथे हात घातला तेथे त्यांनी नाव केले. सार्वजनिक सभेस त्यांनी प्राण दिला, सामाजिक परिषद त्यांनी चालविली, स्त्रियांच्या शिक्षणासाठी ते झटले, आणि १८९३ साली मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. अंगी धैर्य नव्हते म्हणावे तर तेही खोटे. १८७५ सालच्या सप्टेंबरात पुण्यात स्वामी दयानंदांची मिरवणूक निघाली, तेव्हा सनातन्यांनी गाढवाची मिरवणूक काढली आणि दयानंदांच्या मंडळींवर चिखल फेकला. त्या मिरवणुकीत रानडे होते. आणि रानड्यांच्या सांगण्यावरून आपली माणसे घेऊन संरक्षणास कोण धावले? जोतीराव फुले! रस्त्यावरचा चिखल दोघांनीही सारख्याच शांतपणे सोसला. म्हणून आम्ही म्हणतो, उणीव अकलेची नव्हती, छातीचीही नव्हती. उणीव कोठे होती ते आता पाहू.

१८६६ च्या सुमारास विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहाची चळवळ उभी केली, तेव्हा रानडे त्यांचे उजवे हात होते. १८६९ साली मुंबईत ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह लागला. शंकराचार्यांचा बहिष्कार पडला. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ झाला. रानड्यांनी वेदांतील वचने धुंडाळून पुनर्विवाह शास्त्रसंमत आहे असे लिहून काढले. साऱ्या महाराष्ट्रातील तरुण या माणसाकडे आशेने पाहत होते.

आणि १८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. वय एकतीस. हुद्दा न्यायाधीशाचा. पोटासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. ज्या सिद्धान्तासाठी सात वर्षे लेखणी झिजविली तो आचरून दाखविण्याची वेळ दाराशी चालून आली होती. वडील गोविंदरावांनाही तेच भय वाटत होते. मुलगा विधवेशी लग्न लावील म्हणून त्यांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली. रानड्यांनी विनवण्या केल्या, मुदत मागितली. गोविंदरावांनी ऐकले नाही. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधवाविवाहाचा हा खंदा पुरस्कर्ता अकरा वर्षांच्या कुमारिकेचा हात धरून बोहल्यावर उभा राहिला. सनातन्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांस नव्याने शोधावी लागली नाही.

रानड्यांनी त्या मुलीस शिकविले, आणि तीच पुढे सेवासदनाच्या रमाबाई रानडे म्हणून लोकमान्य झाली, असे त्यांचे भक्त सांगतात. खरे आहे, आणि रमाबाईंच्या कार्यास आमचे वंदन आहे. पण ज्या विधवांना रानड्यांच्या वचनावर धीर आला होता, त्यांचे काय झाले? आणि अकरा व एकतीस यांचा हिशेब पुढे कोठे गेला? १९०१ साली रानडे वारले, त्या वेळी रमाबाईंनी वयाची चाळीशीही गाठली नव्हती. पुढची तेवीस वर्षे त्या बाईने वैधव्यात काढली. पुनर्विवाहाच्या पुढाऱ्याने आपल्या मागे एक विधवा ठेवली, एवढे कटू सत्य सांगून आम्ही हा विषय सोडतो.

आता दुसऱ्या गोविंदरावांकडे वळू. पुण्याच्या भिडे यांच्या वाड्यात १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, पुढे शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठीही काढल्या, आणि सावित्रीबाई स्वतः शिकवू लागल्या. भिक्षुकशाहीने गोविंदराव फुल्यांचे कान भरले. धर्म बुडाला, बेचाळीस पिढ्या नरकात जातील! म्हाताऱ्याच्या पोटात धस्स झाले. १८४९ साली त्यांनी मुलास सांगितले, शाळा सोड, नाही तर घर सोड. जोतीराव तेव्हा बावीस वर्षांचे. हुद्दा नाही, पगार नाही, पाठीशी जात नाही. अठरा वर्षांच्या सावित्रीबाईंसह त्यांनी बापाच्या घराचा उंबरठा ओलांडला. बापावर माया नव्हती म्हणून नव्हे. बापाच्या मायेच्या आडून कोण बोलतो आहे, हे त्यांनी ओळखले होते म्हणून.

पुढे मूल होईना, तेव्हा आप्तेष्टांनी दुसरे लग्न करण्याचा आग्रह धरला. जोतीरावांनी साफ नकार दिला. दोष स्त्रीचाच कशावरून, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. १८६३ साली त्यांनी आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या ब्राह्मण विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल मारू नये! त्यांतलीच एक विधवा काशीबाई. तिचा मुलगा यशवंत यास जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८७४ साली दत्तक घेतले. वाचकहो, या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १८७३ च्या अखेरीस ब्राह्मण पुढारी विधवेला टाळून कुमारिकेशी लग्न लावतो, आणि पुढल्याच साली ब्राह्मण विधवेच्या मुलाला एक माळी आपले नाव देतो. ब्राह्मण विधवेचा कैवारी कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१८७३ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी 'गुलामगिरी' छापली गेली. २४ सप्टेंबरास सत्यशोधक समाज स्थापन झाला. आणि २५ डिसेंबरास पुण्यात भटाशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. तो नुसता लग्नविधी नव्हता. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल लागत नाही, हे सांगणारे लेख व भाषणे पुष्कळ झाली होती. दलालाला वगळून खरोखर एक जोडपे संसाराला लागले, तेव्हा त्या बोलण्याला किंमत आली. आमच्या खेडुताला हे लगेच समजले. 'एकेश्वरवाद' हा शब्द त्याला समजावून सांगावा लागला असता. लग्न भटाशिवाय लागले आणि आभाळ कोसळले नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

रानड्यांच्या प्रार्थना समाजाची गोष्ट वेगळी होती. १८६७ साली मुंबईत तो निघाला. देव एक, तो निराकार, मूर्तिपूजा नको, जातिभेद वाईट. शिकवण उत्तम! पण सभासदाने जात सोडलीच पाहिजे, घरचे देव्हारे काढलेच पाहिजेत, अशी सक्ती तेथे नव्हती. रविवारी मंदिरात निराकाराची उपासना आणि सोमवारी घरी उपाध्यायाला दक्षिणा! असा धर्म माणसाला कोठेच अडवीत नाही, आणि म्हणूनच अडचणीच्या वेळी त्याला आधारही देत नाही. त्याचा प्रत्यय १८९० साली आला.

त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी मंडळी जमली. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी ही गंमत रचली होती. पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेला हाती धरला. पुढे 'पुणे वैभव' पत्रात नावे छापून आली, त्यांत रानडे होते आणि टिळकही होते. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! पुण्यात ग्रामण्य माजले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी बसली, बहिष्कार पडला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी काही काळ दम धरला, आणि १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. कारण काय? मित्रांच्या घरी अडचण होत होती, त्यांच्या वडीलधाऱ्यांस त्रास होत होता. त्यांच्यासाठी घेतले, असे सांगण्यात आले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आमचा सवाल साधा आहे. तुमचा देव एक आणि निराकार आहे ना? मग चहा पिण्याने त्याचा कोणता अपराध झाला? अपराध झाला नसेल तर क्षमा कसली मागितली? आणि झाला असेल, तर त्याची क्षमा देण्याचा मक्ता भटजीला कोणी दिला? प्रायश्चित्त घेणे ही चारचौघांतली सभ्यता नव्हे. स्वर्गाच्या किल्ल्या याच्याच कमरेला आहेत, असा तो कबुलीजबाब आहे. हायकोर्टाच्या न्यायासनावर बसण्याच्या योग्यतेचा पुरुष पंचगव्याच्या वाटीपुढे मान लववितो, हे पाहून खेड्यातला कुणबी काय समजला असेल? एवढा मोठा रावसाहेब सुटला नाही, तर माझी काय बिशाद! व्याख्यानांच्या शंभर पुस्तकांनी जेवढे काम केले असेल, तेवढे त्या एका वाटीने पुसून टाकले.

आणि त्या चहाच्या दिवशी जोतीराव कोठे होते? त्याच पुण्यात, अंथरुणावर. १८८८ साली त्यांना पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. पंचहौदच्या चहानंतर सहा आठवड्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, ते वारले. त्याआधीच, १८८७ साली, त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले होते. आपल्या अंत्यविधीस भटाचा संबंध येऊ नये याची तजवीज त्यांनी त्यात केली. दत्तक मुलगा नालायक निघाला तर मालमत्ता शूद्रातिशूद्रांतील लायक मुलास जावी, असेही लिहिले. १८८९ साली यशवंताचे लग्न त्यांनी सत्यशोधक पद्धतीनेच लावले. मरणानंतर भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काविषयी तंटा काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून प्रेतयात्रेपुढे चालल्या. घरातली बाई इतकी खंबीर का? घरधन्याने चाळीस वर्षांत घरात एक आणि दारात एक असे कधी केले नाही म्हणून.

जोतीराव रानड्यांस पुरते ओळखून होते. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेस येण्याचे निमंत्रण रानड्यांकडून आले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. जे लोक माणसाचे हक्क उघडपणे व खुशीने देण्यास तयार नाहीत, त्यांच्या सभेत आमचे काम काय, असा त्यांच्या पत्राचा भावार्थ होता. कित्येकांना तो हट्ट वाटला. पाच वर्षांनी चहाचा पेला आला, सात वर्षांनी प्रायश्चित्त आले, आणि हट्ट कोणाचा व दूरदृष्टी कोणाची हे दिसून आले.

यावर रानड्यांचा पक्ष आम्हांस ठाऊक आहे. समाज एकदम बदलत नाही, कलाकलाने घ्यावे लागते, पुढाऱ्याने लोकांपासून तुटून चालत नाही. डॉक्टर आंबेडकरांसारख्या परखड पुरुषानेही १९४३ साली पुण्यात रानड्यांचा गौरव केला, आणि समाजसुधारणेशिवाय राजकारण व्यर्थ हे ज्यांनी ओळखले त्यांत रानडे अग्रभागी होते हे आम्हीही मानतो. पण हळू चालणे निराळे आणि माघारी फिरणे निराळे. बैल दमला तर नांगर क्षणभर थांबवावा, त्यास कोणी शेतकरी नावे ठेवणार नाही. पण नांगरलेल्या तासातच कुंदा लावून ठेवणाऱ्यास काय म्हणावे? आणि डॉक्टरसाहेबांचेच उदाहरण घ्यायचे तर पुरते घ्या. १९३५ साली येवल्यास ते बोलले, हिंदू म्हणून मरणार नाही. पुढे एकवीस वर्षे नाना धर्मांच्या व नाना पक्षांच्या लोकांनी त्यांच्याभोवती येरझारा घातल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बोललेले खरे केले, आणि लाखो माणसे त्यांच्या मागून गेली. पुण्यातील चहाची तारीखही १४ ऑक्टोबरच! एका तारखेने माफी मागावयास लावली, दुसरीने माफी मागण्याची गरजच संपविली.

आता येथवर वाचून आमचा ब्राह्मणेतर वाचक खूश झाला असेल. बरे झाले, रानड्यांना चांगले सुनावले! थांबा, बाबांनो. रानडे मेले त्याला सव्वाशे वर्षे होत आली. आम्ही हे लिहिले ते त्यांच्यासाठी नव्हे, आपल्या घरासाठी.

आमचे घर तरी स्वच्छ आहे काय? शाहू छत्रपतींपेक्षा मोठा आधार या चळवळीला मिळाला नाही. १९०२ साली निम्म्या जागा मागासलेल्यांस राखून ठेवणारा, १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा करणारा, १९२० साली माणगावच्या परिषदेत आंबेडकरांना पुढारी म्हणून जगापुढे करणारा हा राजा. त्यांच्या पायांची धूळ आम्ही मस्तकी लावतो. पण वेदोक्ताच्या लढ्याचा शेवट कोठे झाला? १९२० सालीच क्षात्रजगद्गुरूच्या पीठावर! भटाचा जगद्गुरू नको, हे रास्त. मग मराठ्याचा जगद्गुरू कशाला हवा? अपमानाने पेटलेल्या राजाची ती चाल होती, हे आम्ही समजतो, आणि कित्येक सत्यशोधकांस ती तेव्हाही रुचली नाही. जोतीरावांनी दलाली मोडावयास सांगितले होते. आम्ही दलाल बदलला. पुढे चळवळीतील कित्येक मोठ्यांस वेदोक्ताचा मान मिळाला, कौन्सिलात खुर्ची मिळाली, आणि खेड्यातल्या सत्यशोधक लग्नांची मात्र कोणाला आठवण राहिली नाही.

आणि आजचा पुढारी? ११ एप्रिलास तो जोतीरावांच्या पुतळ्यास हार घालतो. भाषणात 'फुले, शाहू, आंबेडकर' हा मंत्र भटजीच्या पोथीसारखा घडाघडा म्हणतो. आणि नवा बंगला बांधला की वास्तुशांतीला मुहूर्त विचारावयास धावतो. मुलीच्या लग्नाला पत्रिका जुळवितो. निवडणुकीचा अर्ज भरावयाचा तो ज्योतिषाने सांगितलेल्या घटकेस. विचारले तर उत्तर तयार: "आमच्या मातोश्रींची इच्छा!" "मंडळींना आवडते!" "लोकांना दुखवून कसे चालेल?" वाचकहो, हे शब्द ओळखीचे वाटतात ना? वडिलांसाठी लग्न, मित्रांसाठी प्रायश्चित्त. शंभरसव्वाशे वर्षांत सबबही बदलली नाही!

रानड्यांना निदान त्याची खंत होती. आमच्या पुढाऱ्याला खंतही नाही. तो त्यालाच शहाणपण म्हणतो.

आमचे भांडण कोणत्या जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही. जोतीरावांच्या शाळेला जागा देणारे भिडे ब्राह्मणच होते, आणि त्यांच्या घरचा मुलगा ब्राह्मणीच्या पोटचा होता. ज्याला आपल्या घरी मंत्रपाठ करावयाचा असेल त्याने खुशाल करावा. आमचे म्हणणे इतकेच की, जो पुढारी म्हणून उभा राहतो आणि भिक्षुकशाही मोडली पाहिजे असे सांगून मते, मान आणि पैसा गोळा करतो, त्याला घरात एक धर्म आणि बाजारात दुसरा ठेवण्याची मुभा नाही. त्याची बुद्धी जितकी मोठी तितका त्याच्या तडजोडीचा घातही मोठा. सामान्य माणूस चुकला तर त्याचे एक घर बुडते. पुढारी चुकला तर त्याच्या चुकीची वहिवाट होते.

म्हणून गावोगावच्या तरुणांस आमचे सांगणे आहे. पुढाऱ्याला त्याच्या भाषणावरून पारखू नका. तो गावात आला की तीन गोष्टी विचारा. तुमच्या मुलीचे लग्न कोणी लावले? तुमच्या वडिलांचे दिवस कोणी घातले? तुमच्या घराचा पाया कोणाच्या मुहूर्तावर खणला? या तिन्हींची उत्तरे सरळ आली तर त्याच्या मागे जा. आणि मग हेच तीन सवाल आपल्याही घरात विचारा. पुढाऱ्याला विचारण्यापेक्षा ते अवघड जाईल. आपल्याही घरी एक गोविंदराव बसलेले असतात, आणि त्यांच्यावर आपली मायाही असते. त्यांच्यापुढे कोणत्या मुलासारखे वागावयाचे, ते त्या दिवशी ज्याचे त्याने ठरवावे.